मूठभर खसखस

सोलेनच्या लघवीत अफू सापडली. हे प्रशांतने, माझ्या मुलाने, मला सांगितलं तेव्हा मी कणीक मळत होते. तो वरच्या खोलीतून काम अर्धवट टाकून अनवाणी खाली आला, तेव्हाच काहीतरी बिघडलं आहे हे मी ओळखलं, कारण तो घरातसुद्धा चपलेशिवाय पाऊल टाकत नाही. सोलेन ओट्यापुढच्या उंच स्टुलावर बसली होती आणि फोन तिने पालथा घालून ठेवला होता. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं असं लिहिणार होते, पण ती फ्रान्सची, तिचं तोंड नेहमीच पांढरं असे. पाण्याचा पेला ठेवताना मात्र तिने तो ओट्यावर कलंडवला, आणि तसं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती बॅडमिंटन खेळून पोट भरणारी मुलगी होती. तिचे हात तिच्या ताब्यात असत.

“आई, सोलेनची टेस्ट पॉझिटिव्ह आलीय,” प्रशांत म्हणाला. “मॉर्फिन निघालंय. म्हणजे अफूत असतं ते.”

“कसली टेस्ट?”

“मॅच झाल्यावर युरिन घेतात ना, डोपिंगची. बॅन येऊ शकतो तिच्यावर. दोन वर्षं. जास्तसुद्धा.”

“मग?”

“मग काय मग! संपलं ना सगळं तिचं!”

मी कणीक मळत राहिले. मला सांगण्यासारखं होतं आणि मी सांगितलं नाही. हवी त्याच्या दुप्पट मळली गेल्यामुळे त्या दिवशी पोळ्या फार मऊ झाल्या, पण कोणी खाल्ल्या नाहीत.

ईशा, म्हणजे माझी नात, मला म्हणते की आठवणींत वाढत्या वयाचं लिहायचं असतं. माझं वाढतं वय चौथीपर्यंत होतं. आम्ही नागपूरकडचे कोष्टी. घरात दोन माग होते आणि मागावर बसणाऱ्यांना सुताच्या कांड्या भरून द्यायला हात कमी पडत होते, म्हणून माझी शाळा सुटली. ते मी मागे लिहिलं आहे, दोन पानांत झालं. एखादं माणूस कसं वाढतं हे निवांत बसून बघायला मला सत्तरी उलटल्यावर मिळालं, तेही अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमध्ये, आणि ते माणूस आमचं कोणी नव्हतं. म्हणून हे प्रकरण सोलेनचं आहे. तिला मी विचारलं आहे. ती म्हणाली, लिही, पण मी वाचणार नाही.

आमच्या घरामागे तेव्हाही त्या बिनखिडक्यांच्या इमारती होत्या. त्यांत जगभरचं इंटरनेट ठेवतात म्हणे. त्यांचा घुं असा एकसारखा आवाज दिवसरात्र येतो. बाकीच्यांना त्याचा त्रास होतो, मला होत नाही. मागाच्या घरात वाढलेल्या माणसाला शांततेत चुकल्यासारखं वाटतं. ईशा तेव्हा चौदाची होती आणि एका गोदामासारख्या हॉलमध्ये बॅडमिंटन शिकायला जायची. तिथे अर्धी मुलं आपली, अर्धी चिन्यांची. बाहेरून कोणी कोच आला की मुलांच्या आईवडिलांनी आळीपाळीने त्याला घरी ठेवून घ्यायचं, अशी पद्धत होती. आमची पाळी आली तेव्हा सोलेन आली. तीन आठवडे राहणार होती, अकरा महिने राहिली. प्रशांतला कोणाला नाही म्हणता येत नाही, आणि मला कोणी विचारलं नव्हतं.

तिची बेसमेंटमध्ये सोय केली होती. पहाटे उठून ती मागच्या डेकवर दोरीवरच्या उड्या मारायची. त्याचा टपटप आवाज माझ्या खोलीत यायचा आणि मी पडल्या पडल्या मोजायची. हजाराच्या आत ती कधी थांबली नाही. मग खालच्या भिंतीवर फूल मारत बसायची, म्हणजे ते पिसांचं. तो आवाज वेगळा, एकदा ठप्प आणि लगेच बारीक टक्. दुपारी मुलांना शिकवायची, संध्याकाळी स्वतः खेळायची, आणि रात्रीच्या जेवणाला गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधून टेबलाशी बसायची. बर्फ वितळला की पाणी माझ्या पायांपर्यंत यायचं. मी फडकं ठेवत असे. तिने ते कधी पाहिलं नाही. घरात राहायची सवयच नव्हती तिला.

तिचं गाव फ्रान्समध्ये समुद्राकाठी. वडील शिंपल्यांचा धंदा करतात, आई शाळेच्या स्वयंपाकघरात. आठव्या वर्षी गावच्या हॉलमध्ये ती पहिल्यांदा खेळली, कारण त्या दिवशी पोहण्याचा तलाव बंद होता. चौदाव्या वर्षी खेळाच्या वसतिगृहात गेली, अठराव्या वर्षी देशातल्या निवडक मुलींबरोबर. मग उजवा गुडघा गेला. बरा झाला, पुन्हा गेला. दुसऱ्यांदा बरा होईपर्यंत तिच्या जागी दुसरी मुलगी आली होती. तिच्या मोठ्या साहेबांनी तिला फार गोड शब्दांत सांगितलं की आता तुझं तू बघ. म्हणून ती तिचं ती बघत होती. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, पेरू असं हिंडायचं, लहानसहान स्पर्धा खेळायच्या आणि गुण गोळा करायचे. त्या गुणांवरून जगातल्या खेळाडूंची एक यादी लागते. चार वर्षांनी येणारी सगळ्यात मोठी स्पर्धा पुढच्या उन्हाळ्यात होती, आणि वसंतापर्यंत यादीत पुरेसं वर सरकलं तरच तिथे जायला मिळणार होतं. हे तिने मला टेबलावर मिठाची आणि तिखटाची बरणी मागेपुढे करून समजावलं. मीठ म्हणजे ती. मीठ फार मागे होतं.

ती पंचवीस वर्षांची होती, पण फक्त खेळाच्या बाबतीत. बाकीच्या बाबतीत वसतिगृहात गेली त्या दिवशी होती तेवढीच. भूक लागली तर सांगायचं असतं, हे तिला माहीत नव्हतं. ठरलेल्या वेळी ताटात पडेल ते खायचं आणि ताट नेऊन ठेवायचं, एवढंच माहीत. पहिल्या आठवड्यात तिने माझं सावजी मटण खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढत, शब्द न बोलता. मेघना, माझी सून, घाबरून म्हणाली, “आई, तिला तेवढं तिखट नका देऊ, प्लीज.” सोलेनने वाटी पुढे केली आणि म्हणाली, “मोर.” त्यानंतर मला तिच्याबद्दल काही तक्रार राहिली नाही. एकदा तिने तिच्या गावची धिरडी केली, काळपट कुट्टूच्या पिठाची. चव घेऊन मी म्हटलं, ही उपासाला चालतील. तेवढ्यात तिने वर अंडं फोडलं आणि डुकराचं मांस ठेवलं.

एक गोष्ट मात्र अवघड होती. तिला सामन्याच्या आदल्या रात्री झोप येत नसे. थोडी कमी येते असं नाही, अजिबात येत नसे. फोनवर समुद्राचा आवाज लावून पडायची. समुद्राकाठची पोट्टी, तिला फोनमधला समुद्र काय झोपवणार! सकाळी डोळे तांबारलेले घेऊन जायची, पहिला गेम जिंकायची, दुसऱ्यात पाय जड व्हायचे आणि तिसऱ्यात हरायची. दोन वर्षं बहुतेक असंच चाललं होतं. डॉक्टरांनी तिला श्वास मोजायला सांगितलं होतं. गोळी घ्यायची सोय नव्हती, कारण कशात काय निघेल याची तिला धास्ती. खोकल्याचं औषध ती घेत नसे. डोकं दुखलं म्हणून मी बाम पुढे केला, तर तिने आधी डबीचा फोटो काढून कोणालातरी पाठवला. हिंगाष्टकाच्या पुडीचाही काढला. तिच्या फोनमध्ये काय चालतं आणि काय चालत नाही याची लांबलचक यादी होती आणि ती ती पोथीसारखी वाचत असे.

म्हणून मी ठरवलं की तिला न कळू देता द्यायचं.

झोप कशाने येते हे मला कोणी शिकवायला नको. आमच्या घरी आई मागावर बसायची तेव्हा पाळण्यातलं मूल रडून चालत नसे. मोहरीएवढी अफूची गोळी दुधात उगाळून दिली की मूल संध्याकाळपर्यंत उठत नसे. आमच्या गल्लीत सगळ्याच बाया देत. मलाही दिली, माझ्या पाठच्यांनाही दिली. त्यातलं एक उठलंच नाही. आईने दुसऱ्या दिवशी माग चालवला. हे मी कोणाच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून लिहीत नाही, तसं होतं म्हणून लिहिते. अफू मी माझ्या मुलांना कधी दिली नाही. खसखस दिली. खसखस म्हणजे त्याच बोंडातलं बी, पण ते वाण्याकडे मिळतं, सणाला गोडात पडतं, मसाल्यात पडतं. त्यात काही असतं असं कोणी मानत नाही. झोप मात्र लागते.

मेघना सोलेनला आणि ईशाला घेऊन स्पर्धेच्या गावी निघाली, गाडीने पाच तासांवर. मी सकाळी खसखस भिजवून बदामाबरोबर वाटली, दुधात आटवली, वेलची घातली आणि थर्मासमध्ये भरून दिली. खसखस नागपूरहून माझ्या बहिणीने दिलेली होती. मी ती धूत नाही, धुतली की चव जाते. एरवी मी चमचाभर घालते. त्या दिवशी मूठभर घातली. सोलेनने विचारलं, “आजी, व्हॉट इज?” मी म्हटलं, “मिल्क. आल्मंड.” ते खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं. संध्याकाळी अर्धं पी, उद्या अर्धं पी, असं मी बोटांनी दाखवलं. तिने झाकण उघडून वास घेतला आणि मान डोलावली. त्या थर्मासचा फोटो तिने काढला नाही. आजीने दिलेल्या दुधाचा फोटो काढायचा हे तिच्या डोक्यात आलं नसावं. तिची चूक एवढीच.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. “आजी! आय स्लेप्ट! नाइन अवर्स!” एवढ्या मोठ्याने ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. त्या दिवशी ती दोन सामने जिंकली. रात्री उरलेलं दूध प्यायली, परत झोपली, सकाळी अजून एक जिंकली आणि उपांत्य फेरीत गेली. दोन वर्षांत एवढी पुढे ती गेली नव्हती. उपांत्य फेरीत हरली, पण हसत हरली, असं ईशा म्हणाली. मग एक बाई आली आणि तिला तपासणीला घेऊन गेली. “शी वॉच्ड हर पी, आजी!” ईशा म्हणाली. “लाइक, अ‍ॅक्च्युअली वॉच्ड!” मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आमच्याकडे जावई घरी आल्यावर करतात तसं मी मटण केलं.

तपासणीचं पत्र तिच्या फोनवर आलं ते चार आठवड्यांनी. ते मी सुरुवातीला लिहिलंच आहे.

दोन दिवस मी गप्प होते. हे लिहायला बरं वाटत नाही. मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, पोलीस येतील, प्रशांतची नोकरी जाईल, मला विमानात बसवतील. तिसऱ्या दिवशी मेघनाच म्हणाली, “आई, आपल्या सावजी मसाल्यात खसखस असते ना?” ईशाने फोनमध्ये पाहिलं आणि ओरडली, “ओ माय गॉड, पॉपी सीड्स!” प्रशांतने मला मिठी मारली. सगळ्यांना एवढा आनंद झाला, की दुधाचं सांगायची जागाच राहिली नाही. निघायच्या आदल्या दिवशीचं मटण, त्यातला मसाला, त्यातली खसखस, असं ठरलं. मसाल्याची बरणी आणि खसखशीची पिशवी प्रयोगशाळेत गेली. फ्रान्सचा एक वकील लॅपटॉपवर यायला लागला. बारीक, चष्म्याचा, सतत घसा साफ करणारा. त्याने सोलेनला सांगितलं की निकाल लागेपर्यंत आपणहून खेळणं थांबव, ते दिवस पुढे बंदीत धरले जातील. सोलेन थांबली. दोरीचा आवाज मात्र थांबला नाही. माझे गप्प राहायचे दोन दिवस होते, त्यांचे दोन महिने झाले.

मग प्रयोगशाळेचा हिशेब आला. दोन वाट्या रश्श्यातल्या मसाल्याने एवढं मॉर्फिन निघूच शकत नाही, कितीतरी पटीने जास्त खसखस पोटात जायला हवी, तीही तपासणीच्या आदल्या रात्री. वकील म्हणाला, आता ती खोटं बोलते आहे असंच धरतील. अंगात कसं आलं हे सिद्ध करता आलं नाही, तर दोन वर्षं धरून चाला. प्रशांतने मला मराठीत सांगितलं तेव्हा सोलेन माझ्याकडेच बघत होती. तिला वाटलं मला समजलं नाही म्हणून मी गप्प आहे.

दुसऱ्या दिवशी ती गॅरेजमध्ये रॅकेटच्या मुठीला नवी पट्टी गुंडाळत होती. मी जाऊन समोर उभी राहिले. मला इंग्रजी येतं तेवढं बोलले.

“मिल्क,” मी म्हटलं. “नॉट ओन्ली आल्मंड. खसखस. पॉपी. आय गिव्ह. फॉर स्लीप.”

तिने पट्टी सोडली. “हाउ मच?”

मी मूठ दाखवली.

“यू न्यू? ऑल धिस टाइम?”

“येस.”

ती फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली. मी अर्थ विचारला नाही. रॅकेट तिने आपटली नाही, खुंटीला नीट अडकवली आणि आत गेली. पाच दिवस तिने माझ्या हातचं खाल्लं नाही. तिची काळी धिरडी करायची, खाली घेऊन जायची, ताट धुऊन ठेवायची. ईशा मला म्हणाली, “आजी, यू ड्रग्ड हर.” मी म्हटलं, हो.

प्रशांतने डोक्याला हात लावला. “आई, तू अजून कोणाला बोललीस का हे? ओके. मग ऐक. खीर होती म्हण. खसखशीची खीर, ट्रॅडिशनल डेझर्ट. झोपेचं काढायचंच नाही.” वकीलही लॅपटॉपमधून तेच म्हणाला. खाण्यातून आलं तर अपघात, औषध म्हणून दिलं तर अपघात नव्हे. ज्या घरात खेळाडू राहते तिथलंच माणूस तिला झोपेचं काही देतं, हे त्या लोकांना आवडणार नाही. शब्द तोच, पदार्थ तोच, फक्त कारण गाळायचं. मी सोलेनकडे पाहिलं. ती टेबलाच्या लाकडाकडे बघत होती. सांग किंवा सांगू नकोस, काहीच म्हणाली नाही. तिचं सगळं माझ्या बोलण्यावर होतं आणि ती मला एक शब्द शिकवायला तयार नव्हती.

सुनावणी सहाव्या दिवशी सकाळी होती, ती घेणाऱ्यांकडे तेव्हा दुपार. मी इस्त्रीची साडी नेसून जेवणाच्या टेबलाशी बसले. पडद्यावर तिघं होते: मधे एक पिकल्या केसांची बाई, एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला पूर्वीचा एक खेळाडू. दुभाष्या म्हणून त्यांनी आधी हिंदीचा माणूस दिला होता. मी म्हटलं, मी माझ्या भाषेत सांगेन, नाहीतर राहू द्या. मग पुण्याचा एक मुलगा शोधून काढला. तो पडद्यातून म्हणाला, “काकू, पांढरी खसखस की काळी?” बाईंनी त्याला सांगितलं की प्रश्न आम्ही विचारू. तो गप्प बसला, पण उत्तर ऐकायला उत्सुक दिसला. मी म्हटलं, पांढरी.

बाईंनी विचारलं, दुधात किती घातली? मी म्हटलं, मूठभर. डॉक्टर म्हणाले, ग्रॅममध्ये सांगा. मी म्हटलं, ग्रॅम मला माहीत नाही, माझी मूठ मला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, मूठ म्हणजे माप नव्हे, आज एवढी, उद्या तेवढी. मी म्हटलं, तुमची असेल. त्या मुलाने हेही इंग्रजीत सांगितलं, गाळलं असतं तरी चाललं असतं. पिकल्या केसांच्या बाई म्हणाल्या, दाखवू शकाल का? मेघनाचा डाएटचा काटा होता, तो तिने कॅमेऱ्यापुढे आणून ठेवला. खसखशीची नवी पिशवी फोडली. मी मूठ भरली, काट्यावरच्या वाटीत सोडली. अडतीस. वाटी रिकामी केली, परत भरली. एकोणचाळीस. परत भरली. अडतीस. मुठी भरून भरून माझं आयुष्य गेलं, त्यात नवल काही नाही, पण ते तिघं एकमेकांकडे बघायला लागले. डॉक्टरांनी खाली मान घालून आकडेमोड केली, बराच वेळ. मग म्हणाले, एवढी न धुतलेली खसखस दोन रात्रींत गेली असेल तर जुळतं.

प्रशांतने टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणजे झालं, आता बोलू नकोस.

बाई म्हणाल्या, “हा गोड पदार्थ तुम्ही एरवीही एवढीच खसखस घालून करता?”

“नाही. एरवी चमचाभर.”

“मग त्या दिवशी जास्त का?”

प्रशांतचा हात गुडघ्यावर घट्ट झाला. मला तेव्हा काही थोर वाटलं नाही. माझं शिक्षण चौथी. मला एका वेळी एकच गोष्ट नीट सांगता येते, आणि जी झाली तीच सांगायला सोपी.

“तिला झोप यावी म्हणून,” मी म्हटलं. “तिला झोप येत नव्हती. आमच्याकडे लहान मुलांना देतात.”

“खेळाडूने मागितलं होतं?”

“नाही.”

“तिला माहीत होतं त्यात काय आहे?”

“नाही. बदाम आहे म्हणून सांगितलं.”

“तुम्ही तिला खरं का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर प्यायली नसती,” मी म्हटलं. “ती बामाच्या डबीचासुद्धा फोटो काढते. तिला फसवल्याशिवाय काही देता येत नाही.”

पुण्याच्या मुलाने हे इंग्रजीत सांगायला थोडा वेळ घेतला. पूर्वीच्या खेळाडूने तोंडावर हात धरला होता. वकील घसा साफ करत होता. सोलेन शेजारच्या खुर्चीत ताठ बसली होती आणि गॅरेजमधल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होती. राग होता. अजूनही काही होतं, ते मला ओळखता आलं नाही आणि मी नंतर विचारलं नाही. लॅपटॉप बंद झाल्यावर प्रशांत म्हणाला, “आई, तू ना... यार!” सोलेनने पातेल्याचं झाकण उचलून आत काय आहे ते पाहिलं. वरण होतं. तिने ताट घेतलं.

निकाल महिन्याने आला. ईशाने वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की साक्षीदाराने पदार्थ लपवला, कारण खेळाडू तो नाकारील याची साक्षीदाराला खात्री होती. यावरून खेळाडूची सावधगिरी दिसते. तरी न तपासता दुसऱ्याच्या थर्मासमधून प्यायली, तेवढी चूक तिची. चार महिने बंदी. त्यातले साडेतीन होऊन गेले होते. त्या स्पर्धेतले तिचे सगळे विजय पुसले. मेघना रडली, प्रशांतने पेढे आणले. सोलेनने एक पेढा खाल्ला आणि मीठ आणि तिखटाची बरणी पुढे ओढली. मीठ टेबलाच्या अगदी कडेला सरकवून ठेवलं आणि खाली गेली. वसंत संपत आला होता. मोठ्या स्पर्धेची यादी लागली तेव्हा तीत तिचं नाव नव्हतं.

बंदी संपल्यावर ती पहिली स्पर्धा खेळली आणि पहिल्याच फेरीत हरली. आदल्या रात्री झोपली नव्हती. पुढे तिच्या गावाकडे परत गेली. अजून खेळते, मोठ्या ठिकाणी नाही, तिकडच्या क्लबांच्या सामन्यांत, आणि त्याच गावच्या हॉलमध्ये मुलांना शिकवते. दिवाळीच्या सुमाराला तिचा फोन येतो. मी विचारते, झोपतेस का? ती म्हणते, नाही. मग ती ईशाला फोन द्यायला सांगते. एकदाच म्हणाली की खोटं सांगितलं असतंस तर कदाचित वाचले असते, कदाचित बुडले असते, कळायला मार्ग नाही. मी म्हटलं, खरंच नाही.

इथल्या मराठी मंडळात ही गोष्ट अजून चालते. बाया मला धरून बसवतात. “मावशी, केवढ्या दिव्यातून गेलात हो तुम्ही त्या वेळी! त्या कोर्टाबिर्टापुढे, या वयात!” मी त्यांना दर वेळी सांगते की मी कशातूनही गेले नाही. मी घरात होते, वेळेवर जेवत होते आणि मला रात्री झोप लागत होती. भोगलं ते सोलेनने.